मंत्रीसाहेब, माझ्या कयाकला इंजिन नाही हा गुन्हा आहे का?

मा. मंत्रीमहोदय, मुंबई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र नक्की कुठल्या खात्याच्या मंत्र्यांना लिहावं तेच ठरेना, कारण ज्या टेबलावर गेलो तिथे "हे आमच्याकडे येत नाही" एवढंच कळलं. तेव्हा ज्यांचं असेल त्यांनी उचलावं, बाकीच्यांनी वाचून सोडून द्यावं, तशी सवय असेलच.

मी मालवणचा, दांडीवर राहतो. रीतसर कोर्स केलेला डायव्हर आहे आणि पर्यटकांना किनाऱ्यावरून चालत नाहीतर कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीवर, नेऊन स्कुबा करवतो. करवत होतो म्हणा. ऐन नाताळच्या गर्दीत माझ्या कयाक जप्त झाल्या. कारण ऐका. आम्ही खाली पाण्यात होतो, वर बॉयाला, म्हणजे तरंगत्या खुणेला, लाल झेंडा, त्यावर पांढरा तिरका पट्टा, म्हणजे खाली माणूस आहे, लांब राहा. एक स्पीडबोट पॅरासेलिंगची गिऱ्हाईकं घेऊन सरळ त्या बॉयाला चिरडून गेली आणि वर कयाक धरून थांबलेल्या माझ्या मावसभावाच्या खांद्याला मार बसला, टाके पडले. नशीब म्हणायचं की बोटीच्या इंजिनाचा पंखा डोक्याला लागला नाही. मी तक्रार द्यायला गेलो तर बोटवाल्याचं राहिलं बाजूला, साहेबांनी मलाच विचारलं, "तुमची परमिशन?" दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि कयाक गेल्या. बोट अजून फिरतेय, काल पण दिसली.

आता परमिशनचं सांगतो. पावसाळ्याआधी मीटिंग झाली होती, एका मोठ्या साहेबांनी माईकवरून सांगितलं की कयाक डायव्हिंग आणि शोअर डायव्हिंग (किनाऱ्यावरून चालत उतरायचं ते) नियमात घेऊ, दिवाळीच्या आत फॉर्म देऊ. टाळ्या वाजवल्या आम्ही, फोटो काढले, वडापाव खाल्ला. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं, फॉर्म आला तो जुनाच. त्यात इंजिन नंबर भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. कयाकला इंजिन नसतं हो साहेब, वल्हं असतं. "लागू नाही" लिहून बघितलं, शून्य टाकून बघितलं, शेवटी कार्यालयात गेलो तर तिथला माणूस अगदी प्रेमाने म्हणाला, एखादं छोटं इंजिन लावूनच घ्या ना. म्हणजे पाण्यात तेल नाही, आवाज नाही, पंखा नाही असं एक साधन होतं, त्याला पंखा लावला की ते तुमच्या लेखी सुरक्षित!

तुम्ही कधी केलंय का असं डायव्हिंग, माहीत नाही, म्हणून सांगतो. कयाकच्या मागच्या खोबणीत हवेचा टँक बांधायचा आणि किल्ल्याच्या बाजूच्या खडकांकडे वल्हवत जायचं. नांगर वाळूत टाकायचा, प्रवाळावर नाही. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जाकीट, पाण्यात उतरून तिथेच चढवायची, मग दोरी धरून हळू हळू खाली, हातभर गेलं की नाक दाबून कान मोकळे करायचे, नाही झाले तर परत थोडं वर. लोकांना वाटतं खोल गेलं की धोका. तसं नाही, १० मीटरला दाब दुप्पट होतो खरा, पण कानाला सगळ्यात जास्त त्रास पहिल्या तीन-चार मीटरमध्येच होतो, आणि श्वास कोंडून वर आलं तर दीड-दोन मीटरवरूनसुद्धा फुफ्फुसाला इजा होऊ शकते. हे सगळं मी वाळूवर बसवून समजावतो, मग गुडघाभर पाण्यात, मग कमरेएवढ्या. ज्याला भीती वाटते तो तिथूनच परत फिरतो, पैसे घेत नाही मी त्याचे. किनाऱ्यावरून उतरण्याचा हाच तर फायदा आहे, माणसाला "नको" म्हणायला जागा असते. बोटीवर नसते, तिथे मागे लाईन असते.

आणि ज्यांच्याकडे इंजिन नंबर आहे त्यांचे बोर्ड वाचा एकदा. स्कुबा, पॅरासेलिंग, जेटस्की, बनाना, बंपर, सगळं एका कॉम्बोत. पाच मिनिटांत खुणा शिकवायच्या, शिडीवरून खाली ढकलायचं, माशांपुढे बिस्किटाचा चुरा सोडायचा, व्हिडिओ झाला की वर ओढायचं, नेक्स्ट. सगळेच तसे नाहीत, त्यात माझे मित्रही आहेत आणि चांगलं काम करणारे आहेत, पण सीझनला दिवसाला हजार तरी माणसं अशी खालवर होत असतील, मी मोजायला बसलेलो नाही, तुमच्याकडे तरी कोणी मोजतंय का? २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबाहून परत येणारी बोट उलटली, २० पर्यटक होते, दोघं गेली. तेव्हा सगळे साहेब किनाऱ्यावर आले होते, आता कडक नियम होणार म्हणाले. झाले ना कडक, माझ्या कयाकवर झाले.

उद्या खरंच एखाद्याला पाण्याखालून वर येताना काही झालं, तर त्याला रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे हवेच्या दाबाखाली ठेवून उपचार करायची बंद खोली, लागते. मला माहीत असलेली मुंबईत, नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात. तिथे माणसाला न्यायचं कसं? रस्त्याने न्या, मुंबई-गोवा हायवे आहे, २०११ पासून रुंद होतोय, होईल. चिपीच्या विमानाने म्हणाल तर डायव्हिंग झाल्यावर धडधाकट माणसानेही १२ ते १८ तास विमानात बसू नये असं आम्हाला पहिल्याच कोर्सला शिकवतात, मग आजाऱ्याचं काय सांगता. म्हणून मी किनाऱ्यावर ऑक्सिजनचं किट ठेवतो, स्वतःच्या पैशाने. तेसुद्धा टेम्पोत घातलं होतं, हातापाया पडून काढून घेतलं.

घरचं सांगू नये पण सांगतो. बँकेचं कर्ज आहे, कॉम्प्रेसरचं वेगळं, टँकची टेस्टिंग आलीय, बायकोच्या बांगड्या सोसायटीत गहाण आहेत आणि नाताळ ते थर्टी फर्स्ट या आठवड्यावर आमचे पावसाळ्याचे तांदूळ असतात. पाहुणे बुकिंग करून येतात, किनाऱ्यावर मला हात हलवत बसलेला बघतात आणि शेजारच्या कॉम्बोत जातात. रात्री झोप लागत नाही, डोळा लागला तरी हप्त्याची तारीख स्वप्नात येते. बाबा आयुष्यभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, होते, ते कधी चिडत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "तुका सांगललंय मी, सरकार काय तुझो मामा आसा?" काय उत्तर देणार.

बाबांचं चुकतंय असं म्हणायला तुम्ही जागा तरी ठेवलीय का? १९८७ मध्ये इथला समुद्र अभयारण्य केला, २९ चौरस किलोमीटर, मच्छीमारांना कोणी विचारलं नाही, आणि आज एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करणारे आणि पर्ससीनची मोठी घेरजाळी टाकणारे रात्री दिवाळी करतात तेव्हा कायदा झोपलेला असतो. १९९७ ला जिल्हा पर्यटन जिल्हा झाला, आम्ही शाळेत निबंध लिहिले त्यावर. २०१८ ला पर्यटकांसाठी पाणबुडी येणार म्हणून जाहीर झालं, मग २०२३ ला ती गुजरातला गेली की नाही यावर तुमची भांडणं टीव्हीवर बघितली, पाणबुडी काही बघितली नाही. इथल्या मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ ला शिवाजी महाराजांचा पुतळा उभा केलात, पुढच्या ऑगस्टला तो पडला, आणि बाजूलाच महाराजांनी पाण्यात बांधलेला किल्ला साडेतीनशे वर्षं लाटा खातोय. आता आयएनएस गुलदार, नौदलाची निवृत्त बोट, निवतीच्या खडकांजवळ बुडवून पर्यटन करायचं ठरलं, ४७ कोटींच्या आसपास खर्च. करा की, मला आनंदच आहे, माशांना घर होईल. पण तिथे जायला मोठी बोट, मोठं इंजिन, मोठा मालक लागणार, आमचा नंबर टँक उचलायला.

बालीमध्ये तुलांबेन म्हणून गाव आहे. तिथे लिबर्टी नावाचं अमेरिकन जहाज, १९४२ मध्ये टॉर्पेडो लागलेलं, पुढे १९६३ च्या ज्वालामुखीने किनाऱ्यावरून पाण्यात ढकललेलं. लोक चालत पाण्यात उतरून ते बघतात आणि गावातल्या बायका डोक्यावर टँक वाहून पैसे कमावतात. कॅरिबियनमध्ये बोनेर बेटावर किनाऱ्याला पिवळे दगड ठेवलेत, इथून उतरा म्हणून, बास. पिवळा रंग किती कोटींचा येतो साहेब? टेंडर निघण्याइतका नसेल, तिथेच घोडं अडत असणार. या राज्यात जे छोटं आहे आणि माणसाच्या स्वतःच्या हातात आहे ते बेकायदेशीर, जे मोठं आहे त्याचं भूमिपूजन. वाळूचे डंपर रात्री जातात तेव्हा कोणाला परमिशन आठवत नाही.

असो, रागात लिहितोय, शब्द कमीजास्त झाला असेल तर माफीबिफी मागणार नाही. मागणं एवढंच की फॉर्ममध्ये "विना इंजिन" असा एक रकाना घाला आणि आमचं सर्टिफिकेट, विमा, ऑक्सिजन किट काय ते कडक तपासा, हवं तर पाण्यात उतरवून परीक्षा घ्या माझी. लाल झेंड्यापासून बोटी शंभर मीटर लांब राहतील असा हुकूम काढा आणि जो ऐकणार नाही त्याला दंड करा. माझ्या भावाच्या खांद्याचं बिल भरलंय मी, ते मागत नाही.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागणार हे मला कळतं, तोवर एक काम फोनवरून होईल. कयाक त्यांनी कार्यालयाच्या मागे उन्हात उपड्या टाकल्यात, वर तुटकी खुर्ची ठेवलीय. प्लास्टिक आहे ते, उन्हात वाकतं, वाकलेली कयाक सरळ जात नाही. कोणाला तरी सांगून त्यावर ताडपत्री टाकून घ्या, ताडपत्री मी देतो.

आपला,
दांडीवरचा एक डायव्हर, मालवण