पावसाची फाईल

पुणे,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

काल फोनवर बाबांनी सहज विचारलं, "अगं, ती पावसाची फाईल कुठे ठेवलीस?" मी "बघते" म्हटलं आणि डाळ उतू जातेय असं सांगून फोन ठेवला. डाळ कुकरमध्ये होती. फोनवर जमलं नसतं म्हणून लिहितेय. आईने मोठ्याने वाचावं, बाबांनी मध्ये थांबवलं तर थांबावं.

मी गणपतीत कॉम्प्युटर "जरा साफ केला" असं म्हटलं होतं, ते अर्धंच खरं आहे. जुनी हार्डडिस्क काढून मी इकडे घेऊन आले आहे. तिच्या जागी नवी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, बसवली. गौरी गेल्यावर दोन रात्री हेच चाललं होतं. आईला एवढंच माहीत की मी रात्री दोन वाजता चहा मागितला, तेव्हा तिच्यावर रागावू नका.

बाबा, विचारलं असतं तर तुम्ही "चालतंय ना? मग कशाला हात लावतेस" म्हणाला असता. आणि ते चालत नव्हतं. तुम्ही बटण दाबून आंघोळीला जायचात आणि परत येईपर्यंत ते सुरू व्हायचं, याला तुम्ही सवय म्हणता. फोटो उघडताना आतून टिक, टिक असा आवाज यायचा. मागे निळा पडदा आला तेव्हा दुकानातल्या पोराने "फॉरमॅट मारून देतो काका" म्हटलं. तुम्ही नको म्हणालात ते फार बरं केलंत, नाहीतर सगळंच पुसलं गेलं असतं.

आधी वायरवर संशय घेतला. तुम्ही पहिला प्रश्न तोच विचाराल हे ठाऊक होतं. केबल काढून पुन्हा बसवली, मग बदलूनही पाहिली. आवाज तसाच. मग माझा पेनड्राइव्ह लावला, सुरू होताना एफ१२ दाबलं आणि कॉम्प्युटर हार्डडिस्कवरून न उठवता पेनड्राइव्हवरून उठवला. हे का, तर विंडोज ज्या डिस्कवर बसलंय तीच डिस्क विंडोज चालू असताना नीट तपासता येत नाही. ते सारखं तिच्यावर काहीतरी वाचत-लिहीत असतं. ओझरला तुम्ही विमान उडत असताना इंजिन उघडून बघायचात का? हँगरमध्ये आणायचात. पेनड्राइव्हवरचं छोटं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली) मेमरीत चालतं आणि डिस्क नुसती पडून राहते, तोच हँगर. त्यासाठीचे पेनड्राइव्ह फुकट बनवता येतात. माझ्याकडे सिस्टमरेस्क्यू होता. डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःचीही साधनं असतात, सीगेटचं सीटूल्स वगैरे, आणि विंडोज अजिबात उठत नसलं तरी अशा पेनड्राइव्हने तपासणी होते.

डिस्क स्वतःची नोंदवही स्वतः ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. किती तास चालली, किती तापली, किती जागा खराब म्हणून बाजूला टाकल्या, सगळं. तुम्हाला ही वही फार आवडली असती. तास निघाले १९ हजारांच्या वर. १९७ क्रमांकाची नोंद म्हणजे वाचता न आलेल्या, निकाल बाकी असलेल्या जागा. त्या ४८ होत्या. १९९ क्रमांकाची नोंद वायरीच्या गडबडीची, ती शून्य. म्हणजे वायर निर्दोष. आणि एवढं सगळं असूनही वर ठळक अक्षरात काय, तर "पास".

हे "पास" पाहून मला आपल्या नाशिकचा, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती आठवला, ज्याच्यावरून सगळे पुराचं पाणी मोजतात. पाणी मारुतीच्या गळ्याला लागेपर्यंत सराफ बाजारातला कोण दुकानदार थांबतो? गुडघ्याला लागलं की माल वरच्या मजल्यावर. डिस्कचं "पास" हे गळ्यापर्यंत थांबणारं आहे. नुसत्या माझ्या अंदाजावर जाऊ नका. गूगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरायची शक्यता बिनचुकीच्या डिस्कपेक्षा ३९ पट. उलट, मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या वहीत महत्त्वाच्या चारही नोंदी कोऱ्या होत्या. म्हणजे वही बोलली तर ऐकायचं, गप्प बसली तर विश्वास ठेवायचा नाही.

इथे माझी चूक झाली. आधी कॉपी, मग तपासणी, हा क्रम मला माहीत होता. पण दोन मिनिटांची छोटी चाचणी पार पडली, आणि मी उत्साहात मोठी लावली. मोठी चाचणी सगळी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जाते, आजारी डिस्कला तेवढे श्रम झेपतीलच असं नाही. ९० टक्के बाकी असतानाच ती थांबली: वाचता येत नाही. पुन्हा वही उघडली तर ४८ चे १३६ झाले होते. माझ्या चाचणीमुळे झाले की व्हायचेच होते, हे आता कुणालाच कळणार नाही. त्या रात्री स्वयंपाकघरात येऊन मी आईजवळ नुसती बसले होते ना, ती हीच वेळ.

मग मात्र शहाण्यासारखं वागले. डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, आणि शेवटी त्या जागांकडे परत येऊन कडेकडेने कुरतडत वाचतं. कुठवर आलो याची नोंद ठेवतं, मध्ये लाईट गेली तरी पुढून सुरू. (लाईट गेलीच. यूपीएसची बॅटरीही मी बदलली आहे, तेही सांगायचं राहिलं होतं.) सकाळी बाबा पेपर वाचत होते तेव्हा ते संपलं. ५०० जीबीतली दोन एमबीहूनही कमी जागा वाचायची राहिली.

पेटी उघडताना स्क्रू काढले, ते वर्तमानपत्रावर काढलेल्या क्रमाने मांडले. ओझरच्या क्वार्टरमध्ये मी रेडिओ खोलला होता तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. शेजारी बसून म्हणालात, "ज्या क्रमाने काढलेस त्या क्रमाने ठेव, म्हणजे घाबरायचं कारण नाही." शेवटी एक स्क्रू उरलाच होता. यावेळी एकही उरला नाही.

तुम्हाला हाताला काही वेगळं लागू नये म्हणून मी बरीच खटपट केली आहे. सगळी चिन्हं होती त्याच जागी आहेत, तो उजव्या कोपऱ्यातला कचऱ्याचा डबासुद्धा. मागचं चित्र त्र्यंबकचंच. मराठी टायपिंग तुमच्या सवयीचं. नाट्यसंगीताचा फोल्डर पूर्ण आलाय, मी सगळी पदं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून बघितली. प्रिंटर चालतो. आईच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो, माझी दहावीची गुणपत्रिका, आत्याच्या घराची कागदपत्रं, दादाच्या मुंजीचा तो हलणारा व्हिडिओ, सगळं आहे. आंघोळ मात्र आता आधी किंवा नंतर करावी लागेल, कारण तो मिनिटाच्या आत सुरू होतो. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपतेय, पण तो विषय दिवाळीत. आत्ता त्यावरून डोकं तापवून घेऊ नका.

आता काही गोष्टी ऐकायच्याच आहेत. लाल दोरा बांधलेला तपासणीचा पेनड्राइव्ह आईच्या किल्ल्यांच्या खिळ्याला आहे. तो तुम्ही लावायचा नाही, तो मी आल्यावर लावायचा आहे. काळी बाहेरची डिस्क दर रविवारी लावायची, नवं काही असेल ते तिच्यात टाकायचं आणि लगेच काढून आईच्या कपाटात ठेवायची. जोडून ठेवायची नाही. एसएसडी टिकटिक करत नाही, ती जाताना आवाजही न करता जाते, म्हणून ही कॉपी हवीच. कॉम्प्युटर कधी उठला नाही तर दहा वेळा बंद-चालू करू नका, एकदा करा आणि मला फोन करा. सुरू होताना पांढऱ्या अक्षरांत "डिस्क तपासतोय" असं आलं तर लगेच कुठलंही बटण दाबून ते टाळा. ती तपासणी दुरुस्ती करताना डिस्कवरच लिहिते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिलं की उरलंसुरलंही जाऊ शकतं. जुनी डिस्क मी आणली ती यासाठीच, कुणी हौसेने पुन्हा जोडायला नको. पुढे वाटलं तर ती बिघडलेल्या डिस्कमधलं परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळेत देऊ, तोपर्यंत तिला वीज द्यायची नाही.

आता पावसाची फाईल.

ती त्या दोन एमबीत अडकली. नाव आलंय, आकारही बरोबर आहे, पण उघडत नाही. मी तीन प्रकारे उघडून पाहिली. २००८ च्या पुरानंतर सुरू केलेली तुमची फाईल. सकाळी साडेआठला, वेधशाळा मोजते त्याच वेळेला, गच्चीवर जाऊन घेतलेला प्रत्येक आकडा.

ऑगस्टमध्ये तुम्ही गच्चीच्या जिन्यावर घसरलात तेव्हा मी फोनवर म्हणाले होते, "कोण बघणार आहे ते आकडे?" तुम्ही काही बोलला नाहीत. आईने फोन घेतला.

परवा रात्री मी माझी मेल उपसली. तुम्ही दरवर्षी दसऱ्याच्या आसपास ती फाईल मला पाठवायचात. पहिली २०१२ ची, शेवटची २०२२ ची. प्रत्येकीत एकच ओळ, "यंदाचा पाऊस सोबत जोडला आहे. आई बरी आहे." अकरा मेल. दोन मेलना मी उत्तर म्हणून नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं, बाकी नऊ परवापर्यंत न वाचलेल्या होत्या. त्या सगळ्या उघडल्या. शेवटच्या फाईलमध्ये २००८ पासूनचं सगळं आहे, बाबा. तुमचा शेऱ्याचा रकाना मी कधी पाहिलाच नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये "मारुती बुडाला". एका जूनमध्ये "मनू आली, पाऊस नाही". त्याच्या पुढच्या दिवशी ४१ मिलिमीटर आणि शेरा, "मनू गेली".

२०२२ पर्यंतचं मी आज पुन्हा तुमच्या कॉम्प्युटरवर पाठवतेय. पुढची दोन वर्षं तुम्ही मेल पाठवली नाही. का, ते मी विचारणार नाही.

मोजणं थांबवू नका. पण रबरी चप्पल घालून, कठड्याला धरून, आणि जोराचा पाऊस असेल तर साडेआठची वेळ चुकली तरी चालेल. वेधशाळेला मी सांगेन. रात्रीची बीपीची गोळी घेतली का, हे आईने विचारल्यावर "हो" म्हणायचं नाही, रिकामं पाकीट दाखवायचं. आणि आई, गुडघ्याला तेल लावून घे, फक्त लावलं म्हणून सांगू नकोस.

आई, आता तुझं काम. बाबा आकडा आधी कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहितात, दुधाच्या हिशेबाच्या खाली, मग कॉम्प्युटरवर. यंदाचं भिंतीवर आहेच. २०२३ आणि २०२४ ची पानं तू कुठे कुठे अंथरली आहेस ती शोध. फाडू नकोस, डबे उचलून फोटो काढ, तारखा दिसतील असे. जुलै २०२३ चं मसाल्याच्या डब्यांखाली आहे, मी हळद काढताना बघितलं होतं. सप्टेंबर बहुतेक चपलांच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात.

तुमची,
मनू