अरुंधती दुपारी दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या लग्नसराईच्या पुरवणीतला अरुंधतीदर्शनावरचा लेख वाचला. लेखाबरोबरच्या आकृतीत सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाला ‘वसिष्ठ’ असे छापले आहे आणि अरुंधतीला नेऊन ध्रुवाशेजारी बसवले आहे. टोकाचा तारा मरीची. वसिष्ठ त्याच्या अलीकडचा, शेपटातला मधला, आणि अरुंधती त्यालाच खेटून. क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री हे चौकोनाचे चार. अंगिरस, वसिष्ठ, मरीची हे शेपटाचे तीन. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मरीचीपासून सुरुवात करून हाच क्रम दिला आहे आणि वसिष्ठांच्या आश्रयाला साध्वी अरुंधती आहे, हेही तिथेच सांगितले आहे. ध्रुवाशी तिचा काही संबंध नाही. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून ती तेवढ्याच अंतराने साधारण पाच पट पुढे नेली की ध्रुव सापडतो, एवढेच.

मी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. मुक्काम कळवा, कामे बहुतेक ठाण्यात. सप्तपदी झाली की गुरुजी आधी माझ्याकडे बघतात. मी मान डोलावली की वर बोट करून म्हणतात, ‘ती बघा अरुंधती. दिसली ना?’ वर पीओपीचे छत, एसीची जाळी आणि झुंबर. वेळ दुपारी एकची. दोघेही झुंबराकडे बघून ‘हो’ म्हणतात. नवरा-बायको म्हणून जोडीने बोललेले हे पहिले खोटे, आणि ते मी फोर-केमध्ये टिपून अल्बमबरोबर त्यांच्या हाती देतो.

गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. मुहूर्त साडेबाराचा, हॉल चार वाजता रिकामा करायचा, पंगती उठायच्या. ते तरी काय करणार! पण आश्वलायन गृह्यसूत्रात, म्हणजे घरातल्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथात, हा विधी रात्रीचाच आहे. ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दिसले की मगच नवरीने मौन सोडायचे. तारे खरोखर बघायचे होते म्हणूनच ही अट घातली असणार.

माझे म्हणणे इतकेच, की ज्यांचे रिसेप्शन संध्याकाळी असते त्यांनी अरुंधती तेव्हा बघावी. वैशाखात रात्री आठ-साडेआठला सप्तर्षी ईशान्य ते उत्तर दिशेला इतके वर आलेले असतात, की नौपाड्यातल्या इमारती किंवा घोडबंदर रोडचे टॉवरसुद्धा आडवे येत नाहीत. हॉलची गच्ची उघडून घ्यावी, तिथला हॅलोजन बंद करायला लावावा. दहा मिनिटे पुरतात. मार्गशीर्षातल्या लग्नांना मात्र ही सोय नाही. तेव्हा वसिष्ठ मध्यरात्रीच्या सुमारास उगवतात, त्यामुळे पहाटे उठायची तयारी हवी.

दाखवण्याची रीतही जुनीच आहे, तिला स्थूलारुंधती न्याय म्हणतात. बारीक तारा एकदम सापडत नाही म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा. वसिष्ठ सापडले की वैशाखातल्या त्या वेळी त्यांच्या खाली, किंचित उजवीकडे बघायचे. दोघांतले अंतर पूर्ण चंद्राच्या निम्म्याहूनही थोडे कमी. अरुंधतीची प्रत (तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) ४, वसिष्ठांची २.२. ठाण्याच्या उजेडात ती नुसत्या डोळ्यांना हुलकावणी देते. येऊरच्या डोंगराकडे, अंधारात गेल्यास दिसते, गच्चीवरून साध्या दुर्बिणीतून हमखास. मी २०० मिमीची लेन्स ट्रायपॉडवर लावून नवरा-नवरीला मागच्या स्क्रीनवर दाखवतो. एक-दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये दोन स्वच्छ ठिपके येतात. आमच्या धंद्याचा एक मान यातच आहे: दुर्बिणीतून जोडताऱ्याचा पहिला फोटो निघाला तो याच वसिष्ठांचा, सोबत अरुंधती. १८५७ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी तो काढला.

आता एक गंमत. फोकस मुद्दाम बिघडवून सप्तर्षींचा फोटो काढा. ठिपक्यांच्या चकत्या होतात आणि रंग उघडे पडतात. क्रतू एकटा हळदीकडे झुकतो, कारण तो म्हातारा, फुगलेला राक्षसी तारा आहे. मरीची निळसर, सातांत सगळ्यात तापलेला. अत्री इतका फिकट, की ढगाळ रात्री चौकोनाचा एक कोपराच गळतो. मधले पाच तारे आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत आणि एकाच दिशेने चालले आहेत; हे रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ मध्ये दाखवले. क्रतू आणि मरीची त्या घोळक्यातले नाहीत. त्यांची वाट वेगळी, म्हणून हजारो वर्षांनी ही आकृती मोडणार.

वसिष्ठ हा खरे तर चार ताऱ्यांचा मेळ आहे, आणि अरुंधतीलाही जोडीदार असल्याचे २००९ मध्ये दिसून आले. ‘बाकीच्या जोडताऱ्यांत एक दुसऱ्याभोवती फिरतो, वसिष्ठ-अरुंधती मात्र एकमेकांभोवती फिरतात’ हा जो मेसेज लग्नाच्या ग्रुपवर फिरतो, तो कृपया पुढच्या पुरवणीत घेऊ नका. कोणतेही जोडतारे दोघांच्या सामाईक केंद्राभोवतीच फिरतात. (आमची आजी सप्तर्षींना म्हातारीची बाज म्हणायची, चार खूर आणि मागे तीन चोर. त्या हिशोबाने वसिष्ठ मधला चोर ठरतो. हे गुरुजींना सांगू नये.)

दुरुस्त आकृती छापाल तेव्हा उत्तर क्षितिज खाली धरून छापा. पुस्तकात सप्तर्षी सरळ काढलेले असतात, पण वैशाखातल्या रात्री उत्तरेला तोंड केले तर चौकोन डावीकडे आणि पालथा, शेपूट उजवीकडे असे दिसतात. सरळ चित्र हातात घेऊन गच्चीवर गेलेला माणूस तसाच खाली येतो. आणि हॉल बुक करताना पार्किंगची चौकशी करतो तशी गच्चीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारावे, अशी एक ओळ लेखात जरूर घाला.

गुरुजींच्या शिफारशीवर माझी बरीच कामे येतात, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.

– एक लग्नवाला फोटोग्राफर, कळवा, ठाणे