बर्न वॉर्डातल्या सिस्टरांना मनापासून थँक्यू

दिवाळीच्या चकल्या तळताना कढई कलंडली आणि आईचा उजवा हात, छाती सगळं तेलाने भाजलं. शेजारच्या काकूंनी घाईत टूथपेस्ट फासली (अजून लोक हे करतात, खरं तर 20 मिनिटं नळाचं साधं पाणी सोडायचं असतं).

कॅज्युअल्टीत सिस्टरनी सगळ्यात आधी बांगड्या कापल्या, आई रडायला लागली तर म्हणाल्या, "मावशी, हात सुजला की याच रुततील, नव्या भरू की." डॉक्टर म्हणाले भाजणं अंगाच्या 15 टक्क्यांच्या वर आहे, मग सलाईन जोरात सुरू आणि त्या रात्रभर दर तासाला लघवी मोजत होत्या, आम्हाला कळेना की भाजलंय हाताला आणि लघवी कशाला, तर पाणी पुरेसं चाललंय का ते त्यावरून कळतं म्हणे.

पण खरं सांगायचं तर ड्रेसिंग. आधी पेनकिलर देऊन अर्धा तास थांबायच्या, मग जखमेला चिकटलेला गॉज (जाळीदार पट्टी) सलाईनने भिजवत बसायच्या, ओढून काढला नाही एकदाही. बाजूला अपघाताचे पेशंट येतायत, बेल वाजतेय, तरी "मावशी, थांबू का?" हे विचारणारच. बोटं आखडू नयेत म्हणून दुखत असताना मूठ उघडमीट करायला लावायच्या, तेव्हा मात्र आई चिडायची.

नावं विचारायची राहिली. रात्रपाळीच्या त्या सगळ्या सिस्टर आणि चादरी बदलणाऱ्या मामांना आमच्या घरातून खूप खूप आभार, आणि आईचा निरोप आहे की पुढच्या चेकअपला मूठ पूर्ण वळवून दाखवते.