इकितोसला जाताना

चि. सानिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं इकितोसचं नक्की झालंय, तर तिकिटाच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. तिथे तारीख विचारून बेत ठरत नाही, पाणी किती आहे ते विचारून ठरतो. चार-पाच लाख वस्तीचं शहर, पण पेरूच्या बाकीच्या भागातून तिथे एकही रस्ता येत नाही. लिमाहून विमानाने पावणेदोन-दोन तास, नाहीतर बोटीने काही दिवस. शहरातून बाहेर पडणारी लांब सडक एकच. नाउता गावापर्यंत सुमारे 100 किलोमीटर, की संपली.

आपल्याकडे पाऊस झाला की नदी चढते. तो हिशेब तिथे सोडून दे. इकितोसला पाऊस बाराही महिने, पण नदी चढते ती अँडीजच्या डोंगरांतल्या पावसावर. ते पाणी मारान्योन आणि उकायाली या दोन नद्यांतून येतं. दोघी नाउताजवळ भेटतात आणि तिथून पुढे नाव अमेझॉन. त्यामुळे शहरात धो धो कोसळत असतानाही नदी उतरत असेल. चढतं पाणी म्हणजे क्रेसिएन्ते, साधारण फेब्रुवारी ते मे. उतरतं पाणी म्हणजे वासियान्ते, जुलै ते ऑक्टोबर. दोन्हींमध्ये आठ-दहा मीटरचा फरक, म्हणजे जवळजवळ तीन मजले. 2010 च्या सप्टेंबरात नदी विक्रमी खाली गेली आणि 2012 मध्ये विक्रमी चढली.

हे बघायचं ते नदीकाठच्या बेलेन वस्तीच्या खालच्या भागात. काही घरं उंच खांबांवर, काही हलक्या लाकडाच्या ओंडक्यांच्या तराफ्यावर. तराफ्याचं घर शेजारच्या खांबांना सैल दोरांनी अडकवलेलं असतं, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होतं पण वाहून जात नाही. एप्रिलमध्ये ज्या गल्लीत होडी चालते, तिथेच सप्टेंबरात चिखल आणि वर टाकलेल्या फळ्या. तू सप्टेंबरात जाणार, म्हणून गमबूट ने. एकटी जाऊ नकोस, ओळखीचं माणूस घे आणि दुपारच्या आत परत ये.

नकाशा बघून एक फसगत होते. मालेकोन म्हणजे काठावरचा फिरायचा रस्ता, त्याच्या कठड्यावरून समोर दिसते ती बहुतेक इताया नदी. अमेझॉनचा मुख्य प्रवाह वळणं बदलत शहरापासून लांब सरकलाय.

बोटीने परतायचं असेल तर मासूसा धक्क्यावर जा. सुटायची तारीख बोटीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते. ‘आज नक्की’ याचा अर्थ माल भरला तर आज. जिथून पुढे रस्ता मिळतो त्या युरिमाग्वास बंदराला प्रवाहाविरुद्ध साधारण तीन दिवस, तशाच पुकाल्पाला चार-पाच किंवा जास्तच. पाणी कमी असलं की वाळूचे पट्टे आणि वाहून आलेले ओंडके चुकवत जावं लागतं, म्हणून आणखी उशीर. पुढे विमान असेल तर मध्ये दोन दिवस मोकळे ठेव. बोटीवर टांगून झोपायचा झुला बाजारातच घे आणि तो बांधायला दोन-दोन मीटरचे दोन दोर वेगळे माग. चार तास आधी जाऊन जागा धर: इंजिन, संडास आणि दिवा या तिन्हींपासून लांब. दिव्याखाली रात्रभर किडे पडतात. जेवण वाढतात, पण ताट देतीलच असं नाही. झाकणाचा डबा आणि चमचा ठेव.

तुझ्या ताडांविषयी. आग्वाखे या ताडाचं फळ गल्लोगल्ली विकतात. लालसर खवले काढून, आतला पिवळा गर दातांनी खरवडून खातात. यात नर आणि मादी झाडं वेगळी. फळ मादीला येतं, झाड उंच, म्हणून वर्षानुवर्षं ते चढून काढण्याऐवजी मादीच तोडली गेली. मग काही दलदलींत नरच उरले. मोजणी करताना फळं नसलेलं झाड म्हणजे नर, असं गृहीत धरू नकोस. फुलोरा बघ.

प्लासा दे आर्मास या मुख्य चौकाच्या कोपऱ्यावरचं लोखंडी घर टॉवरवाल्या आयफेलचं म्हणून दाखवतील, त्याला भक्कम पुरावा नाही. ते आणि टाइल्सचे वाडे रबराच्या पैशातले. त्या पैशामागे पुतुमायो नदीकाठच्या आदिवासींचे हाल होते. रॉजर केसमेंट या ब्रिटिश कॉन्सलने 1910 मध्ये त्या हालांची चौकशी केली. पुढे आशियातल्या मळ्यांचं स्वस्त रबर बाजारात आलं आणि इथली भरभराट बसली. आपल्या दोडामार्गात दिसतं ते रबराचं झाड मूळचं त्याच अमेझॉनकडचं.

आता तब्येत. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घे. दाखला पासपोर्टबरोबर ठेव, नाहीतर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मलेरियाचा संध्याकाळनंतर, तेव्हा दोन्ही वेळा मलम लाव. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचार. ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. पाणी बाटलीतलंच.

मोतोकारो म्हणजे मोटारसायकलच्या मागे उघडं बाक. बसण्याआधी भाडं ठरव आणि सॅक मांडीवर धर, मागे अडकवू नकोस.

लस झाली की कळव.

तुझी,
आई