थेंब, उजेड आणि दहाचं भिंग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तळ्याच्या पाण्याची स्लाइड थेट चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हखाली (स्लाइडजवळचं, चाळीसपट मोठं दाखवणारं भिंग) लावलीस आणि हिरवट धुक्याखेरीज काही दिसलं नाही, असं तू लिहिलंस. सूक्ष्मदर्शकात दोष असेल असं मला वाटत नाही. या छंदात भिंगाची ताकद शेवटी येते. पाणी कुठून उचललं, कव्हरस्लिपखाली (थेंबावर ठेवायच्या पातळ काचेखाली) ते किती राहिलं आणि खालून उजेड किती सोडला, यावरच बहुतेक सगळं ठरतं.

तळ्याच्या मधलं निवळ पाणी आणलंस तर थेंबामागून थेंब रिकामे जातील. यातले बहुतेक जीव कशाला तरी चिकटून नाहीतर कशाच्या तरी आडोशाला राहतात. पाणवनस्पतींचे देठ आणि मुळं बाटलीच्या तोंडावर धरून पिळ. जे तपकिरी, गढूळ पाणी गळतं तेच खरं धन. दगडावरचा बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने खरवडलास की डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची एकपेशीय शैवालं, मिळतात. गाळ घ्यायचा तर फक्त वरचा पातळ थर घे, खालचा काळा वास मारणारा नको. बाटली निम्मीच भर आणि उन्हात ठेवू नकोस. बंद बाटलीत कुजणारा पाला प्राणवायू संपवतो. मग डॅफ्निया आणि रोटिफरसारखे इवले प्राणी मरतात, जीवाणू माजतात. घरी आल्यावर पाणी रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओत आणि रात्रभर हलवू नकोस. सकाळपर्यंत ज्याची त्याने जागा धरलेली असते: उजेडाच्या बाजूला युग्लीना आणि व्हॉल्व्हॉक्स हे हिरवे जीव, काचेला लटकलेला हायड्रा, पृष्ठभागावरच्या तवंगात एकपेशीय पॅरामेशियम, तळाच्या गाळात अमीबा. प्रत्येक ठिकाणचा थेंब वेगळा घे. ड्रॉपरचा फुगा पाण्याबाहेरच दाबून मग टोक आत घाल, नाहीतर बुडबुडे सुटून सगळा गाळ उसळतो.

आता थेंब. २२ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली ०.०५ मिलिलिटर, म्हणजे ड्रॉपरचा एक मध्यम थेंब, पसरला की पाण्याचा थर साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा होतो. पॅरामेशियमला पोहायला तेवढा पुरतो. पाणी जास्त झालं तर कव्हरस्लिप तरंगते, जीव वर-खाली जात सतत फोकसबाहेर पडतात, आणि कडेने आलेलं पाणी भिंगाला लागतं. कमी झालं तर मोठे जीव चिरडतात. कव्हरस्लिपची एक कड आधी थेंबाला टेकव आणि मग ती तिरकी ठेवून हळूच खाली सोड. तरीही काळ्या जाड कडेची, अगदी गोल आणि निश्चल वर्तुळं दिसली तर तो हवेचा बुडबुडा समज. नवख्यांचा पहिला ‘शोध’ हमखास हाच असतो.

कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना व्हॅसलिनचे बारीक ठिपके लाव. हे कधीच टाळू नकोस. मग सुईच्या मागच्या टोकाने कोपरे दाबत थराची जाडी तू ठरवतोस. कडेला गाळणकागदाचा तुकडा टेकवून थोडं पाणी ओढून घेतलंस की पॅरामेशियम दोन काचांमध्ये अलगद अडकतं, आणि त्याच्या संकोची रिक्तिका (पाणी बाहेर टाकणाऱ्या पिशव्या) दिसतात: दोन टोकांना दोन, भोवती बारीक नलिकांच्या किरणांची चांदणी. भरते, मिटते, पुन्हा भरते. आत शिरणारं पाणी ते जिवंत राहण्यासाठी असं अखंड बाहेर टाकत असतं. इथे घाई करू नकोस, कागद क्षणभर जास्त राहिला तरी पेशी फुटते. पाणी कडेने सुकतही असतं, म्हणून अधूनमधून कडेला एक बारीक थेंब दे. काही न दाबता वेग कमी करायचा असेल तर कापसाचे दोन-चार धागे पिंजून थेंबात टाक. मिथाइल सेल्युलोजचं घट्टसर द्रावणही चालतं, पण त्यात पक्ष्माभिकांची (अंगावरच्या केसांसारख्या हलत्या धाग्यांची) हालचाल नैसर्गिक राहत नाही.

उजेडाचं गणित वेगळं आहे. हे जीव जवळजवळ पारदर्शक. डायफ्रॅम, म्हणजे खालून येणारा उजेड कमी-जास्त करणारा पडदा, सताड उघडा असेल तर ते प्रकाशात बुडून जातात. तो अगदी मिटलास तर कडा ठळक होतात, पण प्रत्येक कडेला खोट्या रेषा उमटतात आणि बारीक तपशील जातो. नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) काढून नळीत डोकाव आणि प्रकाशाचं वर्तुळ पूर्ण रुंदीच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश राहील इतका डायफ्रॅम मिट. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करायचं. कंडेन्सरखालच्या (स्लाइडखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखालच्या) फिल्टरच्या कड्यात काळ्या कागदाची गोल चकती ठेवलीस तर काळ्याभोर पार्श्वभूमीवर जीव उजळून निघतात. १२ ते १८ मिलिमीटर व्यासाच्या दोन-तीन चकत्या करून बघ. चार आणि दहाच्या भिंगांना हे छान जमतं. चाळीसचं भिंग मुळातच रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं, त्यामुळे तिथे पार्श्वभूमी काळी राहत नाही.

चाळीस पहिल्यांदा का नको, तेही सांगतो. नेत्रिकेवर १८ हा आकडा (दृश्यक्षेत्राची रुंदी, मिलिमीटरमध्ये) असेल तर चारच्या भिंगाला ४.५ मिलिमीटर रुंदीचं क्षेत्र दिसतं, दहाला १.८, आणि चाळीसला जेमतेम ०.४५. पॅरामेशियम सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर पोहतं, म्हणजे अर्ध्या सेकंदात क्षेत्राबाहेर! शिवाय प्रतिमा उलटी, म्हणून ते उजवीकडे पळालं तर स्लाइडही उजवीकडेच सरकव. दहावर जीव शोध, तो थांबला की मगच चाळीस. शंभरचं तेलाचं भिंग या कामाला नकोच. तेलाने कव्हरस्लिप ओढली जाते आणि सगळं पाणी हलतं. लेवेनहूक या डच निरीक्षकाने १६७४ मध्ये डेल्फ्टजवळच्या सरोवरातल्या पाण्याचं वर्णन रॉयल सोसायटीला लिहून पाठवलं, ते डोळ्याशी धरलेल्या एकाच इवल्या भिंगातून बघून.

पहिल्यांदा व्हॉर्टिसेला शोध. मुळांच्या तुकड्यावर घंटेच्या आकाराचे जीव देठांवर उभे दिसतील. टेबलाला धक्का लागला की देठ काही हजारांश सेकंदांत स्प्रिंगसारखा गुंडाळतो, म्हणून हात बाजूला घे आणि थांब. ते सावकाश पुन्हा उलगडतात. सुईच्या टोकावर राहील एवढी कार्माइन या लाल रंगाची पूड कडेने सोडलीस तर तोंडाकडे ओढणारे भोवरे दिसतात, आणि थोड्या वेळाने ते लाल कण पेशीच्या आत गोलगोल पुटकुळ्यांत साठलेले दिसतात. रोटिफरची डोक्यावरची चाकं फिरत नाहीत. पक्ष्माभिका एकामागून एक वाकतात म्हणून तसा भास होतो. त्याचा जबडा मात्र खराखुरा चालतो, पारदर्शक अंगातून तो दळताना दिसतो. अमीबासाठी गाळाची स्लाइड दहा मिनिटं तशीच ठेव आणि डायफ्रॅम थोडा जास्त मिट. करड्या कणांचा एखादा पुंजका आतल्या आत वाहताना दिसला की तोच.

मोजमाप डोळ्यांनीच घेता येतं: दहाच्या क्षेत्रात जीव आडव्या रुंदीच्या सहाव्या हिश्शाएवढा असेल तर तो ०.३ मिलिमीटर. चित्राशेजारी हा आकडा, तारीख आणि थेंब कुठला ते लिहून ठेव. उरलेलं पाणी त्याच तळ्यात परत ओत, दुसऱ्या कुठल्याही नको, आणि हात साबणाने धू.

पहिली चित्रं निघाली की पाठव. नाव ओळखता येत नसेल तर लांबी आणि पोहण्याची ढब तेवढी लिही, त्यावरून बरंच कळतं.

तुझाच,
मित्र