पदवीच्या तीन वर्षांत तत्त्वज्ञानाचा एक तरी पेपर मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यावर चर्चा होते ती क्रेडिटचा गोंधळ, चौथे वर्ष आणि फी यांची. या रचनेत एक फार चांगली सोय आहे आणि ती ठाण्यात वाया चालली आहे, म्हणून हे पत्र.

मुख्य विषयासोबत प्रत्येक विद्यार्थ्याने 'ओपन इलेक्टिव्ह' घ्यायचा आणि तो स्वतःच्या शाखेबाहेरचाच असला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे कॉमर्सच्या, सायन्सच्या किंवा आयटीच्या मुलांना पदवी घेता घेता तत्त्वज्ञानाचा एखादा पेपर रीतसर, गुणांसकट शिकता येईल. आमच्या वेळी तत्त्वज्ञान हवे तर बी.ए.लाच जावे लागे.

माझी भाची इथल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. आयटी करते आहे. पर्यायांच्या यादीत तिला तत्त्वज्ञानाचा पेपर दिसला. तिने मला फोन केला, "मावशी, तुझा विषय आहे. घेऊ ना?" मी आनंदाने होकार दिला. काही दिवसांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला की शिक्षक उपलब्ध नसल्यामुळे हा पेपर चालणार नाही, विद्यार्थ्यांनी यादीतला दुसरा पर्याय भरावा. तिने आर्थिक नियोजन भरले. तो विषय टाकाऊ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण जे तिने मागितले होते, जे नियमाने देऊ केले होते, ते तिला मिळाले नाही, आणि तिच्या वर्गात ते मागणारी ती एकटी नव्हती.

मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले, मग एलएल.बी. केले. आज कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवते. माझ्याकडे ज्युनिअर म्हणून येणारी मुले हुशार असतात, निकाल शोधून काढण्यात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज असतात. त्यांना प्रतिवादीची कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे लेखी उत्तर, लिहायला दिली की पहिला मसुदा मात्र ठरलेला येतो. दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदापुढे एकच वाक्य, 'सदर मजकूर खोटा, खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' दिवाणी प्रक्रिया संहितेत नियम आहे की समोरच्याचे जे विधान नेमकेपणाने नाकारले जात नाही ते मान्य केले असे धरता येते. म्हणून समोरच्याचे म्हणणे आधी नीट समजून घ्यावे लागते. त्यातले किती खरे, किती अर्धवट, कुठल्या विधानाला पुरावा आहे आणि कुठले नुसतेच गृहीत धरले आहे, हे वेगळे करावे लागते. ही सवय मला लॉ कॉलेजात लागली नाही. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी, प्रत्यक्ष दिसते तेवढेच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकावरच्या तासाला लागली.

आमच्या सरांनी त्या दिवशी सांगितले होते, "चार्वाकाची बाजू एक पानभर लिहा. तुम्हाला ती पटते की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. अशी लिहा की चार्वाक स्वतः वाचून म्हणेल, हो, हेच माझे म्हणणे." आम्ही बहुतेकांनी 'ऋण काढून तूप प्या' एवढ्यावर पान संपवले होते. सरांनी सगळी पाने परत दिली. मग त्यांनी समजावून सांगितले की चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज जवळजवळ उरलेले नाहीत आणि आपल्याला ते मत कळते ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांमुळे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रह लिहिला, त्याचे पहिलेच प्रकरण चार्वाकदर्शनाचे आहे. ज्या मताचे पुढे खंडन करायचे, ते आधी वाचकापुढे मांडायचे. ही पूर्वपक्षाची शिस्त. खंडनाची पाळी त्यानंतर.

दुसऱ्यांदा लिहिताना आम्हाला चार्वाकाचा खरा मुद्दा दिसला. नैयायिक, म्हणजे तर्काला वाहिलेल्या न्यायदर्शनाचे विचारवंत, म्हणतात, पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. कारण जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. चार्वाक विचारतो, 'जिथे धूर तिथे अग्नी' हे तुम्हाला कसे कळले? तुम्ही पाहिली ती काही ठिकाणे आणि काही वेळा. उद्याचा धूर आणि न पाहिलेला पर्वत यांबद्दल तुम्ही कशाच्या जोरावर बोलता? अनुमानाच्या जोरावर म्हणाल, तर जे सिद्ध करायचे तेच तुम्ही गृहीत धरले. १७३९ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने जवळपास हाच प्रश्न युरोपला विचारला, आणि त्याचे सगळ्यांना पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही.

माझ्या भाचीला हा प्रश्न मी फोनवर सांगितला. ती मशीन लर्निंग शिकते आहे. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आमचं मॉडेल जुन्या डेटावरून पुढचं सांगतं, ते याच भरवशावर?" हो, याच भरवशावर. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये उद्या ती कर्ज कुणाला द्यावे हे सुचवणारी प्रणाली लिहील, तेव्हा हा प्रश्न तिच्या कामाच्या मुळाशी असेल. तो तिला कुणीतरी वेळेवर विचारायला नको का?

यावर मला दोन आक्षेप ऐकू येतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला असा की भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर आता सगळ्यांना आहेच, मग वेगळे तत्त्वज्ञान कशाला? तो पेपर असावा, मला आनंदच आहे. पण परंपरेची ओळख करून घेणे आणि परंपरेत शिरून वाद घालणे ही दोन कामे आहेत. आपली दर्शने वादातून वाढली. बौद्ध दिङ्नागाने न्यायमतावर टीका केली, तिला उत्तर म्हणून नैयायिक उद्योतकराने वार्तिक, म्हणजे टीकाग्रंथ, लिहिले, बौद्धांच्या बाजूने धर्मकीर्ती उभा राहिला, मग न्यायाच्या बाजूने वाचस्पतिमिश्र, मग उदयनाचार्य. काही शतके हा वाद चालला आणि प्रत्येक फेरीत दोन्ही बाजूंना आपले म्हणणे जास्त काटेकोर करावे लागले. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवातले सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना वर्गात कुणी सांगितले? नावे आणि गौरव पाठ करून हे हाती लागत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला एक बाजू घेऊन लिहायला बसवावे लागते आणि त्याचे पान परत द्यावे लागते.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे: "याला स्कोप काय?" दिव्याहून गर्दीच्या लोकलने येणारा मुलगा, घरात एक कमावते माणूस, डोक्यावर शैक्षणिक कर्ज, अशा घरातून हा प्रश्न येतो तेव्हा तो हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. उत्तर सरळ आहे. तीन वर्षांच्या पदवीच्या १२० ते १३२ क्रेडिटपैकी हे दोन किंवा चार आहेत आणि ते कुठल्या तरी बाहेरच्या विषयाला द्यायचेच आहेत. मुख्य विषयाचे काहीही कमी होत नाही. शिवाय यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे, तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय म्हणून ५०० गुणांचा आहे, लॉ सीईटीत तर्कावर प्रश्न असतात. मात्र मी या मुद्द्यावर फार भर देणार नाही. स्पर्धा परीक्षेसाठी वाचलेले तत्त्वज्ञान बहुधा नोट्सपुरतेच राहते. फ्रान्समध्ये आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेत तत्त्वज्ञानाचा चार तासांचा लेखी पेपर असतो आणि तो पुढे इंजिनिअर होणारी मुलेही देतात. तिथे तो सुशिक्षित नागरिकाच्या तयारीचा भाग मानला जातो.

शिक्षक मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. एका पेपरसाठी एका महाविद्यालयाला पूर्णवेळ प्राध्यापक परवडत नाही. पण नौपाडा, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यातली चार-पाच महाविद्यालये मिळून एक शिक्षक नेमू शकतात आणि शनिवारी एकत्र वर्ग भरवू शकतात. यूजीसीच्या नियमानुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून घेता येतात आणि तिथे आयआयटीतल्या प्राध्यापकांचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक्रमही असतात. त्यांना इथल्या प्रत्यक्ष चर्चेच्या तासाची जोड द्यावी, कारण हा विषय नुसता ऐकून येत नाही. मराठीत वाचायला काही नाही हेही खरे नव्हे. मे. पुं. रेगे, दि. य. देशपांडे, श्रीनिवास दीक्षित यांनी मराठीत नेमके आणि स्वच्छ लिहून ठेवले आहे. आणि परीक्षा कृपा करून बहुपर्यायी प्रश्नांची नको. एक विधान द्यावे, त्याच्या बाजूने लिहायला सांगावे, मग विरुद्ध.

पुढच्या सत्राचे पर्याय भरायला अजून अवधी आहे. ठाण्यातल्या प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी एकदा एकत्र बसून ठरवावे, ही माझी विनंती आहे. तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाची जागा मी घेऊ शकत नाही. पण त्या शनिवारच्या वर्गात मुलांचे युक्तिवाद वाचून, त्यांवर खुणा करून परत द्यायचे काम मी आणि माझे दोन वकील सहकारी मानधनाशिवाय करू. माझा पत्ता आणि फोन तुमच्या कार्यालयाकडे दिला आहे. ज्या महाविद्यालयाला हवा असेल त्याला तो जरूर द्यावा.

आपली,
एक वकील वाचक,
नौपाडा, ठाणे