पाच सेकंदांची अडवणूक मोजता येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पणजीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देणाऱ्या केंद्रात, नोकरीला लागलो तेव्हा कॉल तीन दर्जांचे असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. कोणाचा कॉल आधी लागणार ते दरपत्रकात छापलेले असे. ऑर्डिनरीवाला दोन-दोन तास ताटकळायचा, पण का ताटकळतो आहे हे त्याला ठाऊक असायचे. आम्हाला एकच सक्त ताकीद होती. नंबर कोणाचा आहे ते बघून प्लग लावायचा नाही.

या ताकिदीमागची गोष्ट आमचे वरिष्ठ सांगत. अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. त्याच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले कॉल ती आपल्या नवऱ्याकडे वळवायची, असे सांगतात. चिडून त्याने ऑपरेटरच नको असे यंत्र शोधले. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यावर चालणारे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. आमची कितीतरी वर्षे त्या स्ट्रोजरच्या खडखडाटात गेली.

हे आठवायचे कारण म्हणजे मधला ऑपरेटर आता परत आला आहे. ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, कोणतीही लिंक दाबली की आपण थेट त्या संकेतस्थळावर जात नाही. आधी कंपनीच्या ‘टी डॉट को’ या पत्त्यावर जातो आणि तिथून पुढे पाठवले जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने हे मोजले. न्यूयॉर्क टाइम्स, रॉयटर्स, फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, ब्लूस्काय आणि सबस्टॅक यांच्या लिंका या मधल्या टप्प्यावर सुमारे पाच सेकंद अडकत होत्या. बाकीच्या संकेतस्थळांच्या लिंका त्याच पत्त्यावरून लगेच सुटत होत्या. बातमी फुटली त्याच दिवशी ही दिरंगाई मागे घ्यायला सुरुवात झाली. तरी पुढच्याच महिन्यात ‘द मार्कअप’ या वृत्तसंकेतस्थळाने पुन्हा मोजले तेव्हा फेसबुक, इन्स्टाग्राम, ब्लूस्काय आणि सबस्टॅकच्या लिंका सरासरी अडीच सेकंद थांबताना सापडल्या.

पाच सेकंद किरकोळ वाटतात. पण मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर निम्म्याहून अधिक माणसे परत फिरतात, असे गूगलनेच २०१६ साली सांगितले होते. परत फिरणारा माणूस दोष वर्तमानपत्राला देतो. मधल्याचा त्याला संशयही येत नाही, आणि मला सर्वांत जास्त खुपते ते हेच.

मात्र नुसत्या संशयावरही भागत नाही, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. माझा भाचा आमच्या भागातल्या जत्रा, भजनी सप्ताह आणि नाट्यप्रयोगांच्या तारखा देणारे छोटे संकेतस्थळ चालवतो. मध्यंतरी तो तणतणत आला. एका समाजमाध्यमावरून त्याचे पान उघडायला फार वेळ लागत होता आणि ‘मामा, हे मुद्दाम करतात’ अशी त्याची खात्री होती. मी वही काढली. सोप्यावर बसून एकाच मोबाइलवर, एकाच वायफायवर, रात्री साडेआठला मोजायला लागलो. एकदा माध्यमातली लिंक दाबायची, एकदा तोच पत्ता ब्राउजरमध्ये थेट टाकायचा. जोडीला दुसऱ्या एका संकेतस्थळाचीही तशीच मोजणी. दर खेपेला कॅशे, म्हणजे मोबाइलने साठवून ठेवलेली पानाची प्रत, पुसायची, नाहीतर दुसऱ्या वेळी पान आपसूक लवकर उघडते आणि आकडा फसवा येतो. तीन रात्रींत साठ नोंदी झाल्या. भाच्याचे पान दोन्ही वाटांनी सारखेच रखडत होते! दिंडीचे भलेमोठे फोटो त्याने जसेच्या तसे चढवले होते. ते लहान केले आणि पान झटकन उघडू लागले.

थेट गेल्यावर पान लगेच उघडते, माध्यमातून गेल्यावर थांबते, आणि त्याच मिनिटाला त्याच माध्यमातली दुसरी लिंक थांबत नाही, एवढे तिन्ही जुळले तरच बोट दाखवावे. २०२३ साली हे जुळले होते म्हणून ती बातमी टिकली.

आपल्या देशात ट्राय या दूरसंचार नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली. २०१८ साली दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटी मान्य केली, म्हणजे मजकूर बघून कोणाची गती कमी करायची नाही. पण हे बंधन इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपन्यांवर आहे. जोडणीच्या वर बसलेला हा मधला ऑपरेटर, म्हणजे समाजमाध्यम, त्यात येत नाही. ही फट बुजवायला हवी. लोकसभेत गोव्याचे दोन खासदार आहेत, त्यांनी हा प्रश्न विचारावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोवर मोजणी तरी आपल्या हातात आहे. फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. गोव्यातल्या मराठी आणि कोंकणी वर्तमानपत्रांच्या लिंका वेगवेगळ्या माध्यमांवरून किती वेळात सुटतात हे तासातासाला नोंदवणारा प्रोग्राम लिहिणे तिथल्या विद्यार्थ्यांना जड नाही. ‘कर्ल’ नावाची संगणकाची साधी आज्ञा एवढे काम करते. मोजणी रोज चालली पाहिजे, कारण बोभाटा होताच दिरंगाई नाहीशी होते आणि मग दाखवायला काही उरत नाही. आकडे सर्वांना बघता यावेत, कोणाच्या बाजूचे निघोत.

माझी साठ नोंदींची वही कोणा प्राध्यापकांना हवी असल्यास आनंदाने देईन. मात्र स्टॉपवॉच अंगठ्याने दाबलेले आहे, त्यामुळे पाव सेकंद इकडे-तिकडे धरावा लागेल.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, फोंडा